सगुणाबाईंचा चेहरा

शाहूपुरी, कोल्हापूर
२ डिसेंबर २०२४

आक्का,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, मग कागद बदलला. तो शब्द बघून तू पत्र तिथंच मिटशील असं वाटलं.

गेल्या आठवड्यात दोनदा फोन केला. दुसऱ्या वेळी तू 'हॅलो' म्हणालीस, माझा आवाज ऐकलास आणि ठेवलास. मला राग नाही. आईच्या दिवसांना आपण शेवटचं भेटलो, त्याला अकरा वर्षं झाली. त्या तेरा दिवसांत तू माझ्याशी एकच वाक्य बोललीस, "त्या पातेल्यावर झाकण ठेव." मी ठेवलं. सख्ख्या बहिणी आपण, आणि बोलणं तेवढंच.

फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. काम आहे. आजीच्या काळात शेतावर जाणाऱ्या बायका नऊवारीचा पदर कसा घ्यायच्या? डोक्यावरून घेऊन कमरेला खोचायच्या, की नुसता खांद्यावर? तू आजीजवळ जास्त राहिलीस, तुला आठवत असेल. एका चित्रासाठी पाहिजे.

मी अजून ऑर्डरचीच चित्रं काढते. शाहूपुरीत एका छापखान्याच्या वर खोली घेतलीय. दूध संस्थेचे चेअरमन, निवृत्त हेडमास्तर, कुणाचे आजोबा, कुणाच्या घरातला गेलेला पैलवान. परवा एका गवळ्यानं त्याच्या म्हशीचं चित्र काढून घेतलं, आणि खरं सांगायचं तर यंदाचं माझं सगळ्यात चांगलं काम तेच.

आता हे नवीन. पिराजी म्हणून गुळाचे व्यापारी आहेत, साठीचे, आवाज असा की खाली छापखान्यातली माणसं वर बघतात. कसबा बावड्यात त्यांनी मोठं घर बांधलंय. फेब्रुवारीत वास्तुशांत.

"मॅडम, आमच्या आईचं चित्र पायजे. बाच्या फोटूएवढं. दोगं शेजारी-शेजारी लावायचं."

"फोटो आणलाय?"

"फोटू न्हाय."

"एखादा लहान? लग्नातला, ग्रुपमधला?"

"एकबी न्हाय. कदी काढलाच न्हाय. फोटू असता तर तुमच्याकडं कशाला आलो असतो? त्यो कॉम्प्युटरवाला मोठा करून देतोय की."

त्यांची आई सगुणाबाई. बावड्यातच दुसऱ्यांच्या शेतात राबली आणि शेहेचाळीस वर्षांपूर्वी गेली. मी म्हटलं, मग तुम्ही सांगा कशी दिसायची. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "गोरीपान. भरल्या अंगाची. कपाळावर ह्येवढं कुंकू. अंबाबाईगत."

कधीही न पाहिलेल्या, कुठंही नसलेल्या चेहऱ्याचं चित्र. कुणीही शहाणी बाई नाही म्हणाली असती. मी हो म्हणाले.

पदराचं तेवढं कळव. पोस्टकार्डावर दोन ओळी पुरतील.

संयोगिता


११ डिसेंबर २०२४

आक्का,

उत्तर आलं नाही. पत्र पोचलं असं धरून लिहिते.

पिराजींनी सांगितलं तशी मी सगुणाबाई काढली. गोरी, भरलेली, मोठं कुंकू. कॅलेंडरवरची देवी झाली. कुणाचीच आई वाटेना. म्हणून परवा बावड्याला त्यांच्या थोरल्या बहिणीकडं गेले. शालूबाई, वय अडुसष्ट, जुन्या गल्लीत राहते. साखर कारखाना सुरू आहे, सगळ्या बावड्याला मळीचा वास. ती ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. पिराजी माझ्याबरोबर होते. ते तिला आक्का म्हणतात. त्यांनी हाक मारली की प्रत्येक वेळी मीच दचकत होते.

मी कच्चं चित्र दाखवलं. तिनं ते लांब धरलं, जवळ धरलं.

"ही कोन?"

"आई की, आक्का," पिराजी म्हणाले.

"कुनाची?" मग माझ्याकडं वळली. "आगं पोरी, आमची आई तव्यागत काळी हुती. आनि भरल्या अंगाची कुनी सांगितलं? पोटाला मिळालं तर अंग भरंल न्हवं? आनि दात? दाताचं सांगितलास का रं ह्या बाईला?"

"आक्का, दमानं घे जरा."

"म्होरचा दात अर्धा मोडल्याला हुता. रहाटाचा दांडा उलटा फिरला नि तोंडावर बसला. मी धा वर्साची हुतो. रगत बघून मीच आडवी पडलो."

पिराजी उभेच राहिले. "मॅडम, दात काढायचा न्हाय. सांगून ठेवतो. हॉलमधी लागणार चित्र. पावणं-रावळं येनार, मोठी-मोठी मानसं येनार. त्यांनी काय म्हणायचं, पिराजीच्या आईचा दात पडल्याला हुता?"

"पडल्याला न्हवं, मोडल्याला," शालूबाई म्हणाली आणि पुढची शेंग फोडली.

ते तणतणत गाडीत जाऊन बसले. इतका मोठा माणूस एका दातासाठी एवढा का चिडावा ते मला कळेना. शालूबाई मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आली. चालताना म्हणाली, "खरं सांगू? भायेर हसताना ती तोंडाला पदर लावायची. आधी न्हवती ती सवय. माझं लगीन झालं, त्याच्या म्होरं कवातरी लागली. पन घरात न्हाय लावायची. आमच्या म्होरं खदाखदा हसायची, दात-बीत समदं दिसायचं. घरातलं हसनं घरात."

पिराजींना पुढं जायला सांगून मी बसस्टॉपवर उभी राहिले. दोन बस आल्या, त्या सोडल्या. तिच्या त्या शेवटच्या वाक्यामुळं. का, ते आज लिहवत नाही.

तुझ्याकडं थंडी कशी आहे? दाजींचा दमा?

संयोगिता


२४ डिसेंबर २०२४

आक्का,

काल सगुणाबाईंचा धाकटा मुलगा येऊन गेला. कृष्णात. एसटीत ड्रायव्हर आहे, पन्नाशीचा, खाकी कपड्यातच आला. खुर्चीवर अगदी टोकाला बसला.

"दादाला कळू देऊ नका मी आलतो म्हणून. मला तिचा चेहरा आठवत न्हाय, बाई. ती गेली तवा मी चार-पाच वर्साचा. पन एक आठवतंय. सांगू? हसनार न्हाय न्हवं?"

त्यानं उजव्या हाताचं बोट वर केलं.

"मांडीवर बसून ह्ये बोट मी तिच्या दाताच्या फटीत घालायचो. ती हळूच चावायची. मी वरडायचो, मग पुन्हा घालायचो. बास. येवढीच आई हाय माझ्याकडं. तेवढी फट ठेवा. न्हायतर ती दुसऱ्याच कुनाची तरी आई हुईल."

तो गेला आणि मी ब्रश धुवून ठेवले. आता माझं सांगते. पंचवीस वर्षांत हे मी तुझ्याशी कधी तोंडानं बोलले नाही, म्हणून पहिल्यापासून लिहिते. तुला माहीत आहे तेही लिहिते. मला ते एकदा सलग लिहायचंय.

मार्च नव्व्याण्णव. मी चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला, तू पंचविशीची. तू न्हाऊन परसात उन्हात केस वाळवत बसली होतीस, मान एका बाजूला टाकून. कानामागून खांद्यापर्यंत उतरलेलं कोड उन्हात अगदी स्पष्ट दिसत होतं. बाहेर जाताना तू मे महिन्यातसुद्धा मानेभोवती पदर गुंडाळायचीस. त्या दिवशी गुंडाळला नव्हतास, कारण परसात आपण दोघीच होतो. मी म्हटलं, "आक्का, अशीच बस, मी काढते." तू म्हणालीस, "काढ. पण चांगलं काढ." आठ सकाळी तू माझ्यासाठी बसलीस.

आणि मी ते चित्र तुला न विचारता स्पर्धेला पाठवलं. पहिलं बक्षीस मिळालं. शुक्रवारी पेपरात फोटो आला. तुझी सुपारी फुटली होती, इचलकरंजीचा मुलगा, आणि आई-बाबांनी त्या लोकांना कोडाचं सांगितलं नव्हतं. सोमवारी त्याचे मामा नारळ परत घेऊन आले. तू ओरडली नाहीस. पेपराची घडी घालून माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, "चांगलं आलंय."

त्यानंतर मी सगळ्यांना सांगत फिरले. लपवलं आई-बाबांनी, मोडलं त्या लोकांनी, मी फक्त खरं ते काढलं, माझा काय दोष? ते सगळं खरंही होतं. त्या खऱ्याच्या आड उभी राहून मी एवढी वर्षं काढली. शालूबाई म्हणाली, घरातलं हसणं घरात. तू मला मान दाखवलीस ती घरात. मी ती चौकात नेऊन टांगली. बक्षीस घ्यायला गेले तेव्हा नवीन ड्रेस शिवला होता मी. तोही तूच शिवून दिला होतास, कशासाठी ते न विचारता.

माझं चुकलं, आक्का. हे एक वाक्य लिहायला तीन पानं लागली.

नऊवारीचं मी उगाच विचारलं होतं. मला ठाऊक होतं.

संयू


१२ जानेवारी २०२५

आक्का,

दाजींचा फोन आला होता. तू बालवाडीत शिकवायला गेली होतीस तेव्हा. म्हणाले, "पत्रं पोचतात. ती वाचते. मला वाचू देत नाही. तुम्ही लिहीत राहा." एवढं बोलून ठेवला. त्यांना रागवू नकोस.

दोन गोष्टी.

एक. सगुणाबाई तयार आहे. शालूबाईनं सांगितलेला रंग आणि अंगकाठी, हाडं शालूबाईचीच, कारण तिच्या चेहऱ्यात आई असणारच. ओठावर पदर धरलाय आणि डोळे हसतायत. बाई बाहेर जशी दिसायची तशी. पिराजींच्या हॉलमध्ये परकी माणसं येणार, तर तिनं परक्यांना जेवढं दाखवलं तेवढंच मी दाखवायचं, असं ठरवलं. दातही नाही आणि खोटंही नाही. मी स्वतःवर खूश होते.

दुसरी गोष्ट. तुझं चित्र एका डॉक्टरांनी प्रदर्शनातून विकत घेतलं होतं, हे तुला बहुतेक माहीत नसेल. त्यांनी ते शाहूपुरीतल्या त्यांच्या दवाखान्यात लावलं होतं. पेशंट बसायचे त्या बाकासमोर. मला ते कायम माहीत होतं. त्या गल्लीतून मी कधी गेले नाही. डॉक्टर आता नाहीत. मी त्यांच्या मुलीला, राजनंदिनीला भेटले. चित्र दोन-तीन वर्षांतच दवाखान्यातून घरी गेलं होतं म्हणे, तिच्या जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर आहे. मी परत मागितलं, तर म्हणाली, "लहानपणापासून या बाईसमोर जेवतेय मी. कशी देऊ?" मी तिला सगळं सांगितलं. मग एक दिवस ती माझ्या खोलीवर आली, भिंतीला लावलेली चित्रं एकेक करून बघितली आणि म्हणाली, "तुमच्या एकाही चित्रात बाईची मान दिसत नाही. सगळ्यांचे पदर हनुवटीपर्यंत. हे तुम्हाला माहीत आहे का?"

माहीत नव्हतं, आक्का. शपथ. पंचवीस वर्षांतल्या फायली काढून बघितल्या. कुणाची आजी, कुणाची बायको, कुणाची शाळेची बाई. एकीचीही मान नाही.

राजनंदिनी चित्र द्यायला तयार झालीय. त्या जागी तिला तिच्या वडिलांचं चित्र काढून देणार आहे.

संयू


२९ जानेवारी २०२५

आक्का,

रविवारी सव्वीस जानेवारीची सुट्टी होती, म्हणून तिन्ही भावंडं एकदमच खोलीवर आली. मी कापड बाजूला केलं.

शालूबाई पुढं झाली आणि तिनं सगुणाबाईच्या डोळ्यांसमोर हात धरला, दिव्यासमोर धरावा तसा. "डोळं तिचंच हायती." तिला रडू आलं. कृष्णातनं पदराकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग मान खाली घातली. त्याच्याकडं बघायला मला लाज वाटली.

पिराजींना हवं तसंच झालं होतं. दात नाही, पावण्यांनी नावं ठेवावीत असं काही नाही. मला वाटलं आता मोठ्यानं काहीतरी बोलतील. ते स्टुलावर बसले.

"पदराचं कुनी सांगितलं तुमास्नी?"

"शालूबाईंनी. बाहेर हसताना पदर लावायच्या म्हणून."

"ती सवय तिची न्हवं, मॅडम. ती मी लावली."

शालूबाई वळली. "काय म्हणतोस?"

"पाचवीत हुतो. शाळंच्या फाटकावर भाकरी घेऊन आलती. घाईघाईत. शेतातनं तशीच, पाय चिखलानं भरल्यालं. मला बघून हसली. पोरं तिचा दात बघून फिदीफिदी हसाय लागली. एक म्हणाला, कोन रं ही? मी म्हटलं..." त्यांचा तो आवाज, जो छापखान्यात ऐकू जातो, तो अगदी लहान झाला. "मी म्हटलं, आमच्यात कामाला येती."



"तिनं ऐकलं. भाकरी कट्ट्यावर ठेवली, पदर तोंडाला लावला नि गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, पन पदर लावून. मरूस्तवर भायेर पदर लावून. घरी मला एका शब्दानं बोलली न्हाय. जेवाय वाढली, रोजच्यागत. आक्का, तू विचारलीस तवा मी गप बसलो. आजपातुर गप हाय."

शालूबाई त्यांच्याजवळ गेली. मला वाटलं मारते की काय. तिनं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला, जोरात, लहान पोराचं डोकं पुसावं तसा. "आकरा वर्साचा हुतास रं," एवढंच म्हणाली.

पिराजी उठले. "मॅडम, तो पदर काढा. माझा हाय तो. आनि दात दाखवा. कुनाला काय बोलायचं त्ये बोलू दे. मी सांगीन त्यास्नी, ही माझी आई."

मी तीन दिवस तेच करतेय. पदर खरवडून काढला, तोंड नव्यानं काढलं. आता ती हसतेय, दात-बीत सगळं दिसतंय. आज दुपारी कृष्णात ड्यूटीवर जाताना बघायला आला. त्यानं बोट पुढं केलं आणि रंग ओला आहे म्हणून मागं घेतलं.

आणि मी स्वतःला फार शहाणी समजत होते. बाईनं लपवलं म्हणून मी लपवलं, हा तिचा मान ठेवला असं मला वाटलं होतं. लपवणं तिचं नव्हतंच. एकदा तुझ्या बाबतीत उघडं टाकून चुकले, एकदा तिच्या बाबतीत झाकून. दोन्ही वेळा विचारलं नाही.

संयू


१० फेब्रुवारी २०२५

आक्का,

वास्तुशांत झाली. हॉलमध्ये बापाच्या फोटोशेजारी सगुणाबाई लागली. मोठी मोठी माणसं आली, जेवली, चित्राकडं बघून कुणी काही बोललं, कुणी नाही. पिराजी दाराशी उभे राहून प्रत्येकाला हात धरून आत नेत होते. "या, या, आई दाखवतो."

दुपारी बावड्यातली एक म्हातारी आली. ऐंशीच्या पुढची, दोघींनी धरून आणलेली. सगुणाबाईबरोबर शेतात भांगलायला जायची म्हणे. ती चित्रासमोर थांबली, हात सोडवून घेतले आणि म्हणाली, "आगं सगुणा, कवा आलीस?"

पिराजी तिथंच खाली बसले. मी स्वयंपाकघरात निघून गेले. तिथं शालूबाई होती. तिनं माझ्या हातात पुरणपोळी दिली आणि "खा, रडत खाल्ली तरी चालती" असं म्हणाली.

संध्याकाळी राजनंदिनीनं तुझं चित्र पोचवलं. जाड कागदात बांधलेलं. मी ते भिंतीकडं तोंड करून ठेवलंय. सोडलेलं नाही.

सगुणाबाईला काय वाटायचं ते कुणालाच विचारता आलं नाही. तीन पोरांनी आणि एका परक्या बाईनं मिळून तिचा चेहरा ठरवला. बरा ठरवला, पण आम्हीच ठरवला. तुला विचारता येतं. पंचवीस वर्षांपूर्वीही येत होतं, परसात, दोन हातांवर बसली होतीस. ते आता विचारते. या चित्राचं काय करू? जाळ म्हणशील तर जाळते. पाठव म्हणशील तर स्वतः गडहिंग्लजला येऊन दारात ठेवून परत फिरते. काहीच बोलली नाहीस तर ते असंच राहील, बांधलेलं, आणि मी कुणालाही दाखवणार नाही, मीसुद्धा बघणार नाही.

संयू


गडहिंग्लज
१६ फेब्रुवारी २०२५

संयू,

तुझी सगळी पत्रं वाचली. पत्र आलं की हे मुद्दाम बाहेर जाऊन बसतात, मला काही कळत नाही असं त्यांना वाटतं. तुला फोन केला तेही मला त्याच दिवशी कळलं. ह्यांच्या पोटात काही राहत नाही.

चित्र जाळू नकोस. जाळायला ते काय तुझं एकटीचं आहे?

माझं चुकलं असं तू लिहिलंस, पण काय चुकलं ते तुला अर्धंच माहीत आहे. लग्न मोडलं त्याचं दुःख मला वर्षभर झालं असेल. त्याहून जास्त नाही. तुला न सांगितलेली गोष्ट अशी की, तो पेपर आला शुक्रवारी आणि मी त्या मुलाला रविवारी रंकाळ्यावर बोलावलं होतं. आईच्या नकळत चिठ्ठी पाठवून. त्याला मी सांगणार होते. काय बोलायचं, आधी काय, मग काय, ते भाकऱ्या थापताना घोकत होते. तो नाहीच म्हणाला असता. म्हणू दे. पण ते मी सांगितलेलं असतं, माझ्या तोंडानं, त्याच्या तोंडाकडं बघून. जन्मात एकदा एवढं धाडस गोळा केलं होतं, आणि मी तोंड उघडायच्या आधी तू सगळ्या जिल्ह्याला सांगून मोकळी झालीस. माझा राग त्याचा आहे. तुला वाटलं मी नवऱ्यासाठी रुसले. इतकी वर्षं मला त्याचाच जास्त राग येत होता.

ह्यांना मी पहिल्याच भेटीत सांगितलं. पदर बाजूला करून दाखवलं. हे म्हणाले, "बरं. चहा घेणार का?" मी म्हटलं, घेणार. तेव्हापासून संसार चाललाय.

तुझ्या त्या पिराजीचं वाचून मी रडले. अकरा वर्षांचं पोर होतं ते. मग मनात आलं, तूही एकवीस वर्षांचीच होतीस. हे मनात आलं ते मला आवडलं नाही, पण आलं, म्हणून लिहिते.

माफ केलं असं लिहीत नाही. ते कागदावर लिहून होत असतं तर मी बालवाडीच्या रजिस्टरात रोज लिहिलं असतं.

आणि आणखी एक. ते चित्र मी कधी बघितलेलंच नाही. तू काढत होतीस तेव्हा मला उठून बघू द्यायची नाहीस, पुरं झाल्यावर दाखवते म्हणायचीस. नंतर बघितलं ते पेपरात, काळं-पांढरं, त्यातही माझ्या मानेवर शाई लागलेली नव्हती असंच दिसत होतं. दवाखान्यातल्या पेशंटांनी बघितलं, त्या डॉक्टरच्या पोरीनं रोज जेवताना बघितलं, आणि जिची मान तिनं बघितलं नाही. म्हणून मी येते. पुढच्या गुरुवारी, २७ तारखेला, सकाळच्या गाडीनं. कागद तू सोडू नकोस, मी सोडीन. बघून झालं की त्याचं काय करायचं ते मी सांगीन आणि तू ऐकायचं. कदाचित इथं बालवाडीत लावीन. कदाचित मीच जाळीन. मला अजून माहीत नाही, आणि माहीत नाही ते बरं वाटतंय.

जेवायला काही घाट घालू नकोस. साधी भाकरी कर. हे येणार नाहीत, मी एकटीच.

स्टँडवर ये. पण एक सांगून ठेवते, आईच्या वेळी बघितलीस तशी मी आता राहिलेले नाही. कोड सगळीकडं पसरलंय. हात, तोंड, सगळं पांढरं. पदर गुंडाळायचं मी सोडून दिलं, किती ठिकाणी गुंडाळणार? परवा वर्गातली एक पोरगी विचारत होती, "बाई, तुमचा रंग कुठं गेला?" मी म्हटलं, "वापरून वापरून संपला की." तिला ते लगेच पटलं.

तेव्हा तू गर्दीत आपली जुनी आक्का शोधत बसशील आणि मी तुझ्या शेजारी उभी असेन. ओळखलं नाहीस तर घाबरू नकोस. जिथं आहेस तिथंच थांब. मी हाक मारीन.

आक्का